वीज कुणाच्या नावावर

१२ जानेवारी

चि. धाकटीस,

ताईचे आशीर्वाद. फोन सोडून पत्र का, म्हणून घाबरू नकोस. सगळं ठीक आहे. पण फोनवर तुझ्याशी दोन शब्द बोलायला लागले की हे खुर्चीतून विचारतात, "काय म्हणतेय धाकटी?" आणि वीजकेंद्रातल्या बॉयलरच्या आवाजानं यांचे कान असे गेलेत, की तुझं प्रत्येक वाक्य मला ओरडून सांगावं लागतं. आपल्या घरातली गोष्ट यांच्या आधी समोरच्या शिंपिणीला कळते. आणि ही गोष्ट यांना कळायला नको आहे.

मागे आली होतीस तेव्हा तू म्हणाली होतीस ना, की वीज कंपनी बदललीस, आता पवनचक्क्यांची वीज घेतेस आणि बिलही कमी येतं? तेव्हा मी फणकाऱ्यानं म्हटलं होतं, "आम्हाला नाही बाई असले उद्योग करायचे, कंपनीच्या जिवावर आमचं घर उभं राहिलंय." ते सगळं यांना ऐकवायला होतं. खरं सांगायचं तर मलाही बदलायची आहे.

बिल दर खेपेला चढतं आणि पेन्शन आहे तिथंच बसलेली, हे तर झालंच. पण सकाळी खिडकी उघडली की समोर ती वीजकेंद्राची चिमणी. गॅलरीतली चादर झटकली की हाताला काजळी. इतकी वर्षं मी पुसत आले आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही, कारण त्या चिमणीखाली माझा माणूस उभा होता. आता माझा माणूस घरी आहे. आता त्या धुरासाठी माझ्या हातानं पैसे मोजायचा मला कंटाळा आलाय.

पण यांना सांगायचं कुठल्या तोंडानं? कंपनीचा बिल्ला अजून शर्टाच्या खिशाला लावून फिरतात. मी त्या विजेला घाण म्हटलं, की यांना वाटणार, हिनं माझ्या आयुष्यालाच घाण म्हटलं. यांचं मन मोडून मला काही नको.

तेव्हा गुपचूप कसं करायचं ते लिही. पत्र वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंच्या पत्त्यावर पाठव. त्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे आणि पोटात गोष्ट राहते. दोन्ही एकाच घरात मिळणं कठीण.

तुझी
ताई


२० जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि गिऱ्हाइकाच्या चष्म्याला दुसऱ्याच्याच काचा बसवल्या. तू आणि चोरून कारभार! लहानपणी माझी एक चुगली आईला सांगितल्याशिवाय तुला झोप लागायची नाही.

तुला वाटतंय तितकं अवघड नाही. तारा त्याच, मीटर तोच, भिंतीला कुणी हात लावायला येत नाही, वीज एक मिनिटही जात नाही. इमारतीच्या टाकीत चार जण पाणी ओततात असं समज. नळाला येणारं पाणी सगळ्यांचं मिसळलेलंच. आपण फक्त ठरवतो की आपले पैसे कुणाच्या घागरीला द्यायचे. त्यामुळे तुझी चादर उद्यापासून पांढरी राहील असं मात्र समजू नकोस. चिमणी एका घरानं बंद होत नाही.

जुनं बिल हाताशी ठेव, त्यावर मीटरचा नंबर असतो. तो अर्जात भरायचा, कुणाच्या नावावर वीज हवी ते लिहायचं. पुढचं त्या दोन कंपन्या आपसात बघतात. मी घेतलीय तीच कंपनी घे. फोनवर माणसं नीट बोलतात.

पण ताई, बिल नव्या कंपनीचं येईल तेव्हा काय करशील? भावोजींचे कान गेलेत, डोळे नाहीत. त्यांचा चष्मा मीच बनवलाय. त्यापेक्षा आत्ताच सांगून टाक.

तुझी
धाकटी


२८ जानेवारी

चष्मेवाल्या मेव्हणीबाईंस,

भावोजींकडून आशीर्वाद आणि थोडी लाच. लाच म्हणजे पुढच्या वेळी येशील तेव्हा पत्त्यांत तुला एक डाव जिंकू देईन. मोबदल्यात हे पत्र तू गिळून टाकायचं. फोन मला ऐकू येत नाही हे तुला माहीत आहेच, आणि ऐकू आला असता तरी या विषयावर घरातून बोललो नसतो.

तू वीज कंपनी बदललीस ती कुठली? मलाही बदलायची आहे. हसू नकोस. होय, मीच. ज्यानं उभा जन्म कोळशाच्या भट्टीत डोकावून काढला तोच.

तुझी ताई मला दिसत नाही असं समजते. सकाळी चादर झटकते, हात बघते, पदराला पुसते आणि आत येऊन मला हसून चहा देते. वर्षानुवर्षं. एकदा तरी म्हणावं, तुमच्या कंपनीनं वैताग आणलाय! पण नाही. उलट चार माणसांत सांगते, कंपनीच्या जिवावर घर उभं राहिलं. तिची त्या कंपनीवर इतकी श्रद्धा, की मी सोडायचं म्हटलं तर ती मला कृतघ्न म्हणेल. तिच्यासाठी म्हणून मी अजून तो बिल्ला लावतो. धुतलेल्या शर्टाला ती स्वतः लावून ठेवते, मग काढायचा कसा?

तेव्हा तिच्या नकळत करून टाकतो. एकदा झालं की झालं. उत्तर आमच्या निवृत्तांच्या क्लबवर पाठव. तिथं कुणी कुणाचं पत्र फोडत नाही, कारण कुणाला चष्मा सापडत नाही.

तुझा
भावोजी

ता. क. घाई करण्यामागं आणखी एक कारण आहे. ते नंतर लिहीन.


५ फेब्रुवारी

ती. भावोजी,

नमस्कार. तुमचं पत्र मी गिळलं. ते अजून घशाखाली उतरलेलं नाही.

कंपनीचं नाव आणि पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर आहे. तुमच्या बाजारात त्यांची एक खिडकी आहे, तिथं कागदावरचा अर्जही घेतात. जुनं बिल लागेल.

पण माझं ऐकाल का? ताईला सांगा. ती तुम्हाला कृतघ्न वगैरे काही म्हणणार नाही, मी पैजेवर सांगते. याहून जास्त मी बोलू शकत नाही. का बोलू शकत नाही तेही सांगू शकत नाही. तुम्ही दोघांनी मिळून माझी पार गोची केलीय, एवढंच लिहिते आणि थांबते.

तुमची
धाकटी


१४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

झालं बाई एकदाचं. काल मास्तरीणबाईंच्या कॉम्प्युटरवर अर्ज केला. त्या विचारत गेल्या आणि मी परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत गेले. गेल्या महिन्याचं बिल मात्र बिलांच्या चिमट्यात नव्हतं. सगळं कपाट उपसलं, गादीखाली पाहिलं, नाहीच. त्याच्या आधीच्या बिलावर काम भागलं. पण तेव्हापासून एकच घोर लागलाय. यांना काही कळलं तर नाही ना? कधी नव्हे ते बाजारात जातात, विचारलं तर म्हणतात, क्लबात होतो.

वीज कुणाच्या नावावर हवी असं त्या अर्जात आलं. मास्तरीणबाई म्हणाल्या, अर्ज तुम्ही करताय, तुमचंच टाका. मी म्हटलं, छे, यांचंच राहू दे. आधीच कंपनी काढून घेतेय, वर बिलावरचं नावही काढून घेऊ? दारावरची पाटी यांची, बिलावर नाव यांचं, तसंच असू दे. यांचं नाव माझ्या हातानं मागं सारायचं, या कल्पनेनंच मला कसंतरी झालं.

आणि तुला एक सांगते, म्हणजे माझा जीव का तुटतो ते कळेल. हल्ली बाहेरून आले की जिन्याच्या वळणावर खिडकीपाशी थांबतात. कठड्याला हात टेकून त्या चिमणीकडे बघत उभे राहतात. पुढच्या मजल्यावर पुन्हा तेच. मी वरून वाकून बघते. हाक मारत नाही. केवढा जीव गुंतलाय त्यांचा तिथं! आणि मी काय करून बसले, सांग.

तुझी
ताई


१९ फेब्रुवारी

मेव्हणीबाईंस,

अर्ज दिला. त्या खिडकीवरच्या मुलीनं माझा बिल्ला पाहिला आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही तिकडचे ना?" मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाचा एवढा एक फायदा आहे, तो मी सोडत नाही.

बिल मी चिमट्यातून काढून नेलं होतं. तुझ्या ताईनं कपाट उपसलं, गादी उलटी केली आणि मला एका शब्दानं विचारलं नाही. तिला संशय आलाय. हल्ली उठसूट मास्तरीणबाईंकडे जाऊन बसते. मला टाळतेय.

आता ते दुसरं कारण. तू शहाणी आहेस, रडारड करू नकोस. दिवाणखान्याच्या गेल्या साफसफाईत मला धाप लागली तेव्हा ताईला म्हटलं, धुळीनं झालं. मग एकटाच डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी छातीचा फोटो काढला. म्हणाले, फुप्फुसांत कोळशाची धूळ बसलीय, मोठ्या तपासणीला या, सोबत घरचं कुणीतरी आणा. मी अजून गेलो नाही. घरचं कुणीतरी म्हणजे तीच ना!

म्हणून वीज मी तिच्या नावावर मागितली आहे. माझ्यामागं तिला माझ्या मरणाचा दाखला हातात घेऊन रांगेत उभं राहायला नको. क्लबातल्या एकाची बायको तशी फिरताना मी पाहिली आहे. निदान घरातला दिवा तरी पहिल्या दिवसापासून तिचा असू दे.

जिना चढताना दम लागतो. मग खिडकीपाशी थांबून चिमणी बघायचं सोंग घेतो. ती वरून बघत असते. तिला पटतं.

तुझा
भावोजी


२४ फेब्रुवारी

ती. भावोजी,

तुम्ही रडू नकोस म्हणालात, पण ते जमलं नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन रडून घेतलं.

विजेचं गुपित मी हसत हसत सांभाळलं असतं. हे गुपित सांभाळणार नाही. तुम्हाला वाटतं, ताईला कळलं नाही म्हणजे तिला त्रास नाही. भावोजी, ती त्या जिन्याकडे बघून काहीतरी भलताच अर्थ लावते आणि स्वतःला दोष देत बसते. तुमच्या सोंगाचा तिला तुमच्या धापेपेक्षा जास्त त्रास होतोय. हवं तर माझ्यावर रागवा.

तुम्ही तिला सांगा. तुम्ही सांगितलं नाहीत तर मी पहिली गाडी पकडून येईन आणि तुमच्यासमोर ओरडून सांगेन. मग शिंपिणीलाही कळेल, माझा इलाज नाही. आणि तपासणीला जा. तिला घेऊन जा. हात जोडते.

तुमची
धाकटी


८ मार्च

धाकटे,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही. आधी सगळं ऐक.

काल दुपारी फोन वाजला. पवनचक्कीवाल्या कंपनीतली मुलगी. अगदी जपून बोलत होती. म्हणाली, "तुमच्या घरच्या एकाच मीटरसाठी आमच्याकडे दोन अर्ज आलेत. एकावर साहेबांचं नाव, एकावर बाईंचं. म्हणून दोन्ही थांबवलेत. विचारायला बरं वाटत नाही, पण आपण दोघं हल्ली वेगळे राहता का?"

तेवढ्यात खुर्चीतून आलंच, "कोण आहे?" मी ओरडले, "पवनचक्कीवाले!" ओरडले आणि जीभ चावली. बघते तर यांचाच चेहरा चोरी पकडल्यासारखा. म्हणाले, "काय म्हणतायत?" मी ओरडले, "विचारतायत, आपण वेगळे राहतो का!" समोर शिंपिणीचं मशीन बंद पडलं. हे म्हणाले, "मला तर कुणी काही सांगितलं नाही!"

ती मुलगी फोनवर हसू दाबत होती. म्हणाली, "बाई, घरं फुटली की दोघंही मीटर स्वतःच्या नावावर मागतात. इथं साहेबांनी अर्ज भरलाय तुमच्या नावासाठी, आणि तुम्ही साहेबांच्या. असं भांडण आमच्याकडे पहिल्यांदाच आलंय. तुमचं काय ते ठरवा आणि कळवा."

फोन ठेवला, सगळं यांना ओरडून सांगितलं आणि आम्ही दोघं हसत सुटलो. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे म्हणाले, "तू कंपनीची एवढी भक्त!" मी म्हटलं, "मी कसली भक्त, ते तुमच्यासाठी होतं. तुम्हीच बिल्ला लावून फिरता." म्हणाले, "तू लावून ठेवतेस म्हणून." इतकी वर्षं, धाकटे, आम्ही एकमेकांसाठी त्या चिमणीची आरती ओवाळत होतो आणि दोघांनाही ती नको होती.

हसता हसता यांना खोकला लागला. तो थांबेना. पाठीवर हात फिरवत मी सहज विचारलं, "पण माझ्या नावावर का हो केलंत?" मी पुन्हा कानाशी जाऊन विचारलं. तर जमिनीकडे बघत म्हणाले, "नंतर तुला धावपळ नको म्हणून."

नंतर म्हणजे कधीनंतर, ते मला विचारावं लागलं नाही. जिन्यातलं ते थांबणं माझ्या डोळ्यांपुढं आलं. मी वरून बघत होते गं! माझा माणूस श्वासासाठी कठडा धरून उभा होता आणि मी वर उभी राहून त्याला चिमणीची माया समजत होते. खाली जाऊन हाताला धरलं नाही.

आणि तुला माहीत होतं. हे म्हणाले, तुला लिहिलं होतं. माझ्या आधी तुला. मी तुझ्यावर फार चिडलेय, आणि हे मी तुला सांगणार नाही तर कुणाला सांगणार?

ताई


१२ मार्च

प्रिय ताई,

खुशाल चीड माझ्यावर. तुझा हक्कच आहे.

तुम्ही दोघांनी वेगवेगळं लिहिलं तेव्हा मला गंमत वाटली होती. दोघांना एकाच कंपनीचं नाव दिलं, म्हटलं, ज्याचा अर्ज आधी पोचेल त्याचा पोचेल, दुसऱ्याचा आपोआप बाद होईल, आणि कुणाचंच मन मोडणार नाही. नावं उलटसुलट घालाल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मग भावोजींचं ते पत्र आलं आणि गंमत संपली. मी त्यांना लिहिलं की तुम्ही सांगा, नाहीतर मी येऊन सांगेन. पण तुला सरळ लिहायला हवं होतं. शब्द दिला होता म्हणून गप्प बसले, ते चुकलं.

एक मात्र ऐक. जिन्यात हाक मारली नाहीस ती त्यांचं मन जपायला. ते थांबण्याचं खरं कारण लपवत होते तेही तुझं मन जपायलाच. आता जपणं पुरे. तपासणीला जा. मी रजा टाकलीय, येऊ का?

तुझी
धाकटी


२१ एप्रिल

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद, मागच्या पत्रातले राहिलेलेही यातच धर. तू येऊन राहून गेलीस त्यानं खूप आधार वाटला. तपासणीच्या दिवशी तू बाहेर बाकावर बसली होतीस म्हणून मी आत धीरानं बसू शकले.

काल पुन्हा मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. बसलेली धूळ निघणार नाही हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. पण रोजचं औषध, सकाळचा श्वासाचा व्यायाम आणि वेळेवर येणं, एवढं केलं तर बराच काळ नीट जगता येईल म्हणाले. हे बाहेर येऊन म्हणाले, "काय म्हणाले ते?" मी म्हटलं, "आत तुम्हीच होतात की!" म्हणाले, "मला फक्त तुझं ऐकू येतं."

जिना आता आम्ही मिळून चढतो. वळणावर दोघंही थांबतो. चिमणीकडे मी बघतसुद्धा नाही, यांच्या छातीकडे बघते. श्वास बसला की निघतो. शिंपीण एकदा खालून येत होती, तीही थांबली बिचारी, आम्हाला ओलांडून गेली नाही.

बिल्ला मी फेकला नाही. हे काढून ठेवायला निघाले होते, मीच धुतलेल्या शर्टाला पुन्हा लावला. ती वीज धुराची होती, पण तिच्या उजेडात आपलं सगळं घर जेवलं, आणि तो उजेड यांच्या छातीतून आला होता. त्याची लाज कसली धरायची?

चादरीला काजळी अजून लागते. आता मी हात पदराला पुसत नाही, सरळ यांना आणून दाखवते. मग आम्ही दोघं मिळून कंपनीला शिव्या घालतो. फार बरं वाटतं.

आता मुख्य गोष्ट. कंपनीच्या त्या मुलीला आम्ही दोघांनी मिळून फोन केला होता. मी म्हटलं, नाव यांचं घाला. हे मागून ओरडले, "तिचं घाला!" ती म्हणाली, "दोन्ही घालता येतात हो, एवढं भांडता कशाला?" आम्हाला हे कुणी आधी सांगितलं असतं तर!

आज पहिलं बिल आलं. रक्कम आधीपेक्षा कमी आहे, पण ती आम्ही नंतर पाहिली. यांनी पाकीट फोडलं, तू दिलेला चष्मा लावला, कितीतरी वेळ वरच्या ओळीवर बोट ठेवून बसले आणि मग कागद माझ्या हातात दिला.

म्हणाले, "तू वाच. मला नीट ऐकू दे."

मग मी गॅलरीच्या दारात उभी राहिले आणि आमची दोघांची नावं, आधी त्यांचं आणि लगेच माझं, इतक्या मोठ्यानं वाचली की समोरचं मशीन थांबलं.

तुझी
ताई

आणि भावोजी. पत्त्यांचा तो एक डाव रद्द. गुपित फुटलं.